सामायिक फोल्डरद्वारे डिस्क इमेज वितरण : महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळेतील अडचणी व त्यांचे निदान

सारांश

महाविद्यालयातील संगणक प्रयोगशाळेत एकाच प्रकारची कार्यप्रणाली व सॉफ्टवेअर अनेक संगणकांवर बसविण्यासाठी डिस्क इमेज पद्धतीचा वापर केला जातो. ही इमेज बहुधा नेटवर्कवरील सामायिक फोल्डरमध्ये ठेवलेली असते. त्या फोल्डरपर्यंत पोहोचण्यात येणाऱ्या अडचणींमुळे संपूर्ण काम खोळंबते. या अडचणींचे निदान ठरावीक क्रमाने कसे करावे, प्रचलित त्रुटी-संदेशांचा अर्थ कसा लावावा आणि पूर्वी सोयीसाठी केलेल्या तडजोडी आज अडथळा का ठरत आहेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : डिस्क इमेज, सामायिक फोल्डर, एसएमबी, सिसप्रेप, संगणक प्रयोगशाळा.

१. प्रस्तावना

पुण्यातील सदाशिव पेठ ही विद्यासंस्थांची पेठ म्हणून परिचित आहे. १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आणि १९१६ मध्ये सुरू झालेले सर परशुरामभाऊ महाविद्यालय या संस्था याच परिसरात आहेत. या पेठेत आणि तिच्या आसपास वाणिज्य, विज्ञान व कला शाखांचे अध्यापन करणाऱ्या संस्थांची संख्या मोठी असून संगणक प्रयोगशाळा हा आता त्या सर्वांच्या दैनंदिन कामकाजाचा भाग झाला आहे. प्रस्तुत लेखातील वर्णन कोणत्याही एका संस्थेचे नाही. तीस संगणकांची एक प्रयोगशाळा, एक सर्व्हर आणि एक प्रयोगशाळा सहायक अशी जी सर्वसाधारण स्थिती आढळते, ती येथे गृहीत धरली आहे.

या प्रश्नाला सध्या विशेष निकड प्राप्त झाली आहे. विंडोज १० या कार्यप्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे अनेक प्रयोगशाळांतील संगणक विंडोज ११ वर किंवा लिनक्सवर नव्याने सिद्ध करावे लागत आहेत. एकेका संगणकावर हे काम हाताने करावयाचे तर कार्यप्रणाली, संकलक, डेटाबेस, मराठी टंकलेखनाची सोय आणि छपाईयंत्राची जोडणी यांतच अर्धा दिवस जातो. तीस संगणकांसाठी हा हिशेब परवडणारा नाही. म्हणूनच एक संगणक परिपूर्ण सिद्ध करून त्याची प्रतिमा इतरांवर उतरविणे हा मार्ग स्वीकारला जातो. तथापि प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी पडद्यावर ‘नेटवर्क मार्ग सापडला नाही’ एवढाच संदेश येत राहिला, तर ही सोयच अडचणीचे कारण बनते. नुकसान यंत्राचे होत नाही. ते विद्यार्थ्यांचे होते.

२. डिस्क इमेज व तिचे वितरण

डिस्क इमेज म्हणजे डिस्कवरील विभाग, कार्यप्रणाली व सॉफ्टवेअर यांची एका फाइलमध्ये किंवा फाइलसंचात साठविलेली प्रतिकृती होय. वैयक्तिक संगणकांच्या क्षेत्रात ही पद्धत घोस्ट या सॉफ्टवेअरमुळे रूढ झाली. ते १९९० च्या दशकाच्या मध्यास न्यूझीलंडमध्ये विकसित झाले व १९९८ मध्ये सिमँटेक कंपनीकडे आले. नॉर्टन घोस्टची विक्री २०१३ मध्ये थांबली. आज तैवानमध्ये विकसित झालेले क्लोनझिला, २००७ पासूनचा फॉग प्रकल्प आणि मायक्रोसॉफ्टची स्वतःची साधने महाविद्यालयांना उपलब्ध आहेत. यांपैकी पहिली दोन मुक्त स्वरूपाची असल्याने त्यांवर परवाना शुल्काचा भार पडत नाही. विंडोजच्या परवान्याचा प्रश्न मात्र त्यामुळे सुटत नाही. तो स्वतंत्रपणेच पाहावा लागतो.

या सर्व साधनांची मूलभूत कार्यपद्धती समान आहे. ज्या संगणकावर इमेज उतरवावयाची, तो आपल्या नेहमीच्या डिस्कवरून सुरू न करता यूएसबी किंवा नेटवर्कद्वारे एका लहान तात्पुरत्या कार्यप्रणालीने सुरू केला जातो. ही प्रणाली विंडोज पीई अथवा लिनक्स असते. ती नेटवर्क कार्ड जागे करते, पत्ता मिळविते, सर्व्हरवरील सामायिक फोल्डर जोडते आणि तेथील इमेज वाचून डिस्कवर लिहिते. विंडोज सर्व्हरवरील फोल्डरसाठी एसएमबी हा संदेशन-नियम वापरला जातो, तर फॉगमध्ये प्रामुख्याने एनएफएसचा उपयोग होतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. नेहमीच्या विंडोजमधून तेच सामायिक फोल्डर उघडत असेल, तर ‘फोल्डर ठीक आहे, सॉफ्टवेअर बिघडले आहे’ असा निष्कर्ष सहज काढला जातो. तो बरोबर असेलच असे नाही. नेहमीच्या विंडोजमध्ये वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड आधीपासून साठविलेले असतात, नेटवर्क कार्डाचा चालक बसविलेला असतो आणि सर्व्हरचे नाव ओळखीचे झालेले असते. तात्पुरत्या प्रणालीजवळ यांपैकी काहीही नसते. म्हणून तपासणी ज्या स्थितीत अडचण आली त्याच स्थितीत, म्हणजे तात्पुरत्या प्रणालीतूनच केली पाहिजे.

३. निदानाचे तत्त्व

पेशवेकाळात कात्रजच्या तलावाचे पाणी भूमिगत नळाने पुण्यातील हौदांपर्यंत आणले गेले होते व त्या मार्गावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले होते. हौदात पाणी आले नाही तर हौद तपासून उपयोग नसतो. पाणी कोणत्या उच्छ्वासापर्यंत पोहोचले हे क्रमाने पाहावे लागते. इमेज वितरणाचेही तसेच आहे. केबल, पत्ता, नाव, ओळख, अधिकार, जागा आणि अखेरीस प्रत्यक्ष इमेज असे हे टप्पे आहेत. आधीचा टप्पा सिद्ध झाल्याखेरीज पुढच्या टप्प्याला हात लावू नये आणि एका वेळी एकच बदल करावा. घाईच्या वेळी फायरवॉल बंद करणे, फोल्डर सर्वांना खुले करणे व पासवर्ड काढून टाकणे हे तिन्ही उपाय एकदम केले जातात. काम झाले तरी नेमके कारण कळत नाही आणि उघडी राहिलेली दारे तशीच राहतात.

४. जोडणी व पत्ता

प्रथम संगणकाला नेटवर्क पत्ता मिळाला आहे का, हे पाहावे. विंडोज पीईमध्ये ‘आयपी-कॉन्फिग’ ही आज्ञा दिली असता कोणतेही नेटवर्क कार्ड दिसले नाही, तर त्या कार्डाचा चालक तात्पुरत्या प्रणालीत नाही असे समजावे. नव्या खरेदीतील संगणकांवर जुनी यूएसबी चालत नाही, त्याचे हे नेहमीचे कारण आहे. अशा वेळी योग्य चालक समाविष्ट करून ती यूएसबी पुन्हा तयार करावी लागते. कार्ड दिसते परंतु पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो, असे असल्यास पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सेवेपर्यंत विनंती पोहोचलेली नाही. केबल, स्विचचे दार किंवा पत्त्यांचा संपलेला साठा यांपैकी एक कारण येथे संभवते.

पत्ता मिळाल्यावर सर्व्हरला ‘पिंग’ करून पाहावे. मात्र उत्तर आले नाही म्हणून सर्व्हर बंद आहे असे मानू नये. विंडोजची फायरवॉल अशी विचारणा अडवू शकते. एसएमबीसाठी खरे महत्त्वाचे असते ते ४४५ क्रमांकाचे पोर्ट. राउटर बदलल्यावर सर्व्हर संगणक त्या नेटवर्कला नवे समजतो व ते ‘सार्वजनिक’ गटात गेल्यास फाइल-सामायिकीकरण बंद राहते. काल चालणारे फोल्डर आज अचानक दिसेनासे होण्यामागे हे साधे कारण असू शकते. नेटवर्कचा गट ‘खाजगी’ केल्यास फायरवॉल पूर्णपणे बंद करण्याची गरज उरत नाही.

५. नाव, ओळख व अधिकार

सर्व्हरच्या नावाने फोल्डर उघडत नाही परंतु त्याच्या अंकी पत्त्याने उघडते, असे आढळल्यास दोष नाव-निश्चितीचा आहे. प्रयोगशाळा एका मजल्यावर व सर्व्हर दुसऱ्या इमारतीत अशी रचना असेल व दोहोंमध्ये राउटर असेल, तर स्थानिक नेटवर्कवरील पुकारा पलीकडे जात नाही. तेथे डीएनएसमध्ये नोंद करावी किंवा सर्व्हरला स्थिर पत्ता देऊन तोच वापरावा.

यापुढील टप्प्यावर त्रुटी-क्रमांक उपयोगी पडतात. विंडोज पीईमधून ‘नेट यूज’ या आज्ञेने फोल्डर जोडताना दिसणारे काही क्रमांक व त्यांचे अर्थ पुढीलप्रमाणे आहेत.

५३ : नेटवर्क मार्ग सापडला नाही. नाव, फायरवॉल किंवा सर्व्हरची सेवा तपासावी.
६७ : सर्व्हर सापडला असू शकतो, पण त्या नावाचे सामायिक फोल्डर मिळाले नाही. शुद्धलेखन तपासावे.
८६ व १३२६ : वापरकर्त्याचे नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे.
५ : ओळख पटली, परंतु अधिकार नाही.
७१ : सर्व्हरवर एका वेळी मान्य असलेल्या जोडण्या संपल्या.
१२१९ : त्याच सर्व्हरशी दुसऱ्या नावाने जोडणी आधीच चालू आहे, ती तोडून पुन्हा जोडावे.
१२७२ : पासवर्डविना पाहुणा म्हणून प्रवेश करण्यास सुरक्षाधोरणाने मनाई केली आहे.

वापरकर्त्याचे नाव देताना त्यापुढे सर्व्हरचे नाव जोडणे हितावह असते. अन्यथा ते खाते नेमके कोणत्या संगणकावरील याबद्दल संदिग्धता राहते. संगणक उघडताना वापरला जाणारा चार अंकी पिन नेटवर्कवर चालत नाही, तेथे खात्याचा पासवर्डच लागतो. पासवर्ड नसलेल्या स्थानिक खात्याला विंडोज मूळ रचनेनुसार नेटवर्कवरून प्रवेश देत नाही, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे.

क्लोनझिलासारख्या लिनक्स-आधारित साधनांत संदेश निराळे असतात. त्रुटी १३ म्हणजे परवानगी नाकारली; बहुधा पासवर्ड चुकलेला असतो. त्रुटी ११२ चा शब्दशः अर्थ ‘सर्व्हर बंद आहे’ असा होतो व त्यामुळे सर्व्हर पुन्हापुन्हा चालू-बंद केला जातो. प्रत्यक्षात सर्व्हर चालू असून दोन्ही बाजूंना मान्य अशी एसएमबीची आवृत्ती जुळत नसल्याचे ते लक्षण असू शकते. जोडणीच्या वेळी आवृत्ती स्पष्टपणे निवडल्यास हा प्रश्न बहुधा सुटतो.

अधिकारांबाबत एक बारकावा दुर्लक्षिला जातो. विंडोज सर्व्हरवर सामायिक फोल्डरचे अधिकार आणि डिस्कवरील फाइलचे अधिकार असे दोन स्वतंत्र थर असतात व दोहोंपैकी जो अधिक कडक असेल तोच लागू होतो. एका थरात पूर्ण मुभा देऊनही लेखन होत नाही, याचे कारण दुसऱ्या थरात असते. इमेज उतरविण्यासाठी केवळ वाचनाधिकार पुरेसा असतो, तर नवी इमेज घेण्यासाठी लेखनाधिकार लागतो. म्हणून या दोन कामांसाठी दोन वेगळी खाती ठेवावीत.

६. जागा व वेग

जोडणी झाली, काम सुरू झाले आणि मध्येच थांबले, तर प्रथम जागेचा विचार करावा. सर्व्हरला लावलेली बाह्य डिस्क एफएटी-३२ स्वरूपाची असल्यास तिच्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकसंध फाइल मावत नाही, मग डिस्क कितीही रिकामी असो. क्लोनझिला मूळ रचनेत डिस्कएवढ्याच किंवा तिच्याहून मोठ्या डिस्कवरच इमेज उतरविते. त्यामुळे ५१२ जीबीच्या डिस्कवरून घेतलेली इमेज ४८० जीबीच्या डिस्कवर बसत नाही, आत प्रत्यक्ष मजकूर केवळ ६० जीबी असला तरीही. इमेज घेण्याचा संगणक सर्वांत लहान डिस्कचा निवडणे, हा यावरचा सोपा उपाय होय. विंडोज सुप्तावस्थेत ठेवून किंवा जलद-आरंभाची सोय चालू ठेवून इमेज घेऊ नये. संगणक पूर्णपणे बंद केलेला असावा. बिटलॉकरने डिस्क कूटबद्ध झालेली असल्यास रिकामी जागाही इमेजमध्ये येऊन तिचा आकार अवास्तव वाढू शकतो. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत ही कूटबद्धता आपोआप लागू होण्याची शक्यता असल्याने ती आधी तपासावी.

वेगाचा हिशेब कागदावर करून पाहण्याजोगा आहे. इमेज २० जीबीची व संगणक ३० असतील, तर एकूण ६०० जीबी मजकूर सर्व्हरच्या एकाच केबलमधून जातो. गिगाबिट जोडणीवर प्रतिसेकंद सुमारे ११० एमबी वेग धरला तर त्यास साधारण दीड तास लागेल. परंतु गिगाबिट वेगासाठी केबलमधील चारही जोड्या सुस्थितीत असाव्या लागतात. एखादी जोडी तुटली तर जोडणी निमूटपणे १०० मेगाबिटवर येऊ शकते, वेग प्रतिसेकंद सुमारे ११ एमबी होतो आणि तेच काम पंधरा तासांचे बनते. कोणताही त्रुटी-संदेश येत नाही. जुन्या इमारतींत खिडकीच्या चौकटीतून ओढलेल्या व दारात चेपलेल्या केबलींच्या बाबतीत ही शक्यता प्रथम तपासावी. त्यासाठी स्विचवरील दिवा किंवा सर्व्हरवर दिसणारा जोडणीचा वेग पाहणे पुरेसे असते.

सर्व्हर म्हणून नेहमीचा विंडोज संगणक वापरला जात असेल तर विंडोज ७ पासून एका वेळी २० जोडण्यांची मर्यादा आहे. एकविसावा संगणक नाकारला जातो. तीस संगणकांचे काम तेथे दोन तुकड्यांत करावे. लिनक्सवरील साम्बा हा सर्व्हर वापरल्यास ही मर्यादा येत नाही. मोठ्या प्रयोगशाळेसाठी क्लोनझिला व फॉग यांतील बहुप्रेषणाची सोय अधिक उपयुक्त आहे. तीत एकच प्रवाह सर्व संगणक एकाच वेळी ग्रहण करतात. मात्र तिचे यश स्विचच्या क्षमतेवर अवलंबून असते व सर्वांत मंद संगणकाचा वेग सर्वांना लागू होतो.

७. सोयीच्या तडजोडी व त्यांची किंमत

वर उल्लेखिलेल्या अनेक अडचणींचे मूळ एकच आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी सोय म्हणून केलेल्या रचना नव्या कार्यप्रणाली स्वीकारत नाहीत. याची तीन उदाहरणे महत्त्वाची आहेत.

पहिले उदाहरण एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीचे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम याच आवृत्तीच्या विंडोजमधील सेवेतील दोषाचा आधार घेऊन जगभर पसरला. त्याच वर्षाच्या उत्तरार्धातील विंडोज १० च्या आवृत्तीपासून ती नव्या स्थापनेत मूळ रचनेनुसार दिली जाईनाशी झाली. केवळ हीच आवृत्ती जाणणारी जुनी साठवणपेटी त्यामुळे नव्या संगणकांना दिसत नाही. ती दिसावी म्हणून तीसही संगणकांवर जुनी आवृत्ती पुन्हा चालू करणे म्हणजे एका पेटीसाठी साऱ्या प्रयोगशाळेचे कुलूप काढणे होय. पेटीचे सॉफ्टवेअर अद्ययावत करणे किंवा ती बदलणे हाच योग्य मार्ग आहे.

दुसरे उदाहरण पासवर्डविना सर्वांना खुल्या असलेल्या फोल्डरचे. विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीपासून प्रो, एज्युकेशन व एंटरप्राइझ प्रकारांत एसएमबी संदेशांवर सांकेतिक स्वाक्षरी मूळ रचनेनुसार आवश्यक झाली. पाहुणा म्हणून येणाऱ्या जोडणीला अशी स्वाक्षरी करता येत नसल्याने ती अयशस्वी होते. येथेही धोरण शिथिल करण्यापेक्षा केवळ वाचनाधिकार असलेले स्वतंत्र खाते तयार करणे सोपे व सुरक्षित आहे.

तिसरे उदाहरण सर्वांत गंभीर असून ते वितरण यशस्वी झाल्यानंतर प्रकट होते. प्रत्येक विंडोज स्थापनेला एसआयडी हा सुरक्षा-ओळखक्रमांक असतो. इमेज घेण्यापूर्वी सिसप्रेप या साधनाने संगणकाचे सामान्यीकरण केले नाही, तर तीसही संगणकांचा हा क्रमांक एकच राहतो. मायक्रोसॉफ्टने अशा प्रतिकृतींना मान्यता दिलेली नव्हती. तरी व्यवहारात फारसे बिघडत नसे. २००९ मध्ये मार्क रुसिनोविच यांनी समान क्रमांकामुळे प्रत्यक्ष अडचण येत नसल्याचे मत मांडले आणि तो क्रमांक बदलणारे आपले साधनही मागे घेतले. त्यामुळे सिसप्रेप वगळण्याची सवय अधिकच दृढ झाली.

ही परिस्थिती आता बदलली आहे. विंडोज ११ च्या २४-एच-२ व २५-एच-२ या आवृत्त्या आणि विंडोज सर्व्हर २०२५ यांच्यासाठी २९ ऑगस्ट २०२५ पासून आलेल्या अद्यतनांनंतर समान एसआयडी असलेले संगणक परस्परांची ओळख नाकारू लागले. बरोबर पासवर्ड देऊनही तो पुन्हापुन्हा विचारला जातो व सामायिक फोल्डर नावानेही उघडत नाही, पत्त्यानेही उघडत नाही. विद्यार्थ्यांची उत्तरे जमा करण्याचे फोल्डर त्याच इमेजपासून बनविलेल्या संगणकावर असेल, तर परीक्षेच्या दिवशी ते कोणत्याही आसनावरून उघडणार नाही. वर सांगितलेल्या क्रमाने तपासणी केली असता केबल, पत्ता, नाव, पासवर्ड व अधिकार सारे निर्दोष आढळतात. दोष इमेजमध्येच असतो. कायमचा उपाय एकच : सिसप्रेपने सामान्यीकरण करून इमेज नव्याने घेणे व संगणक पुन्हा सिद्ध करणे.

८. नोंदवहीचे महत्त्व

बहुतेक प्रयोगशाळांत हे सारे ज्ञान एका सहायकाच्या स्मरणात असते. त्याची बदली झाली किंवा तो निवृत्त झाला की फोल्डरचे नाव, खाते, स्विचची रचना व इमेज कशी घेतली याची माहितीही जाते. म्हणून प्रत्येक इमेजसोबत तिची तारीख, मूळ संगणकाचा प्रकार, डिस्कचा आकार, आरंभपद्धती जुनी की यूईएफआय, सिसप्रेप केले की नाही, आणि समाविष्ट सॉफ्टवेअर यांची नोंद ठेवावी. अडचण आल्यास तिचा नेमका त्रुटी-क्रमांक, केलेला बदल व परिणाम लिहावा. पासवर्ड या वहीत लिहू नये. तो विभागप्रमुखांकडे स्वतंत्रपणे जतन करावा. नवी इमेज प्रथम एका संगणकावर, नंतर दोन संगणकांवर उतरवून त्यांची परस्परांशी जोडणी तपासावी व मगच सर्वत्र वापरावी. एकाच संगणकावरील चाचणीत समान ओळखक्रमांकाचा दोष कधीच दिसत नाही, म्हणून दुसरा संगणक आवश्यक ठरतो.

९. समारोप

सामायिक फोल्डरद्वारे इमेज वितरण ही महाविद्यालयांच्या मर्यादित मनुष्यबळाला पेलणारी पद्धत आहे. तिच्यातील बहुसंख्य अडचणी क्रमशः तपासणीने अल्पावधीत उलगडतात. त्रुटी-संदेश काम कोठे थांबले हे सांगतो, ते का थांबले हे सांगतोच असे नाही. हा भेद ओळखणे निदानात महत्त्वाचे आहे. त्याचबरोबर प्रत्येक नकाराला सुरक्षा शिथिल करून उत्तर देण्याची सवय सोडणे आवश्यक आहे. विद्यार्थ्यांची उत्तरे, गुण व प्रकल्प ज्या नेटवर्कवर असतात, त्याच नेटवर्कवरून ही इमेज वाहत असते. सत्राच्या आरंभी एक दिवस राखून इमेज, खाती व केबली तपासल्या आणि त्यांची नोंद केली, तर परीक्षेच्या आदल्या रात्री प्रयोगशाळेत बसून राहण्याचे प्रसंग कमी होतील.